फोनची मनगटदोरी : पावसाळ्याआधी घेतली, अजून वापरतोय

फोन सांभाळायला आजवर जे काही घेतलं, त्यात ही दोरीच खरी कामाची निघाली. इंदूरच्या जेल रोडवर स्क्रीनगार्ड बदलायला गेलो होतो, तिथे काउंटरवर लटकलेली दिसली. एक पातळ प्लास्टिकची पट्टी कव्हर आणि फोन यांच्यामध्ये बसते, तिचं टोक चार्जिंगच्या भोकातून बाहेर येतं आणि त्यात दोरीचा हुक अडकवायचा. एवढंच.

फोन पडतो तो बहुतेक वेळा एका हाताने धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणताना. त्या क्षणी तळहात पाठीपासून सुटलेला असतो आणि सगळा भार करंगळीवर. 2007 चा पहिला आयफोन साडेतीन इंची, 135 ग्रॅमचा होता. आता साडेसहा इंच आणि 200 ग्रॅमच्या आसपास वजन ही नेहमीची गोष्ट झाली आहे, वर पाठही गुळगुळीत. अंगठा मात्र होता तेवढाच राहिला.

त्यात आपलं इंदूर! छप्पन दुकानला उभ्या उभ्या पोहे खाताना एका हातात प्लेट, दुसऱ्यात फोन आणि अंगठ्याला शेवेचं तेल नि जीरावन मसाला. तेलकट बोटाला स्क्रीन धड दाद देत नाही, म्हणून आपण आणखी रेटतो आणि पकड जाते. माझा असाच सुटला. मनगटाला झटका बसला आणि फोन गुडघ्याजवळ लोंबकळत राहिला. पोहे सांडले ते वेगळं.

दोरीचा काडीचाही उपयोग नाही तो फोन दुसऱ्याच्या हातात देताना. "हा फोटो बघ गं" म्हणून आई मावशीकडे फोन देते. आईला वाटतं तिने घेतला, मावशीला वाटतं ताईने अजून धरलाय. खाली कोटा फरशी! शिवाय आई फोन ओट्याच्या काठावर ठेवते, कॉल आला की तो थरथरत सरकतो आणि कुकरच्या शिट्टीत तिला पत्ताही लागत नाही. तिला दोरी दिली तर म्हणाली, "मी काय शाळेत जाते का गळ्यात ओळखपत्र घालून?" ही गळ्यातली नाही, हे सांगून उपयोग झाला नाही.

जाड कव्हरबद्दल माझं मत फारसं बरं नाही. 'मिलिटरी ग्रेड' छापलेलं असतं त्यामागे एमआयएल-एसटीडी-810 नावाचं अमेरिकी लष्करी मानक असतं. त्यातली नेहमीची चाचणी म्हणजे 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा पाडणं, तेही काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. वर ते 26 आपटे पाच नगांत वाटून घ्यायची मुभा. स्क्रीनगार्डवरचा '9एच' तर पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापातला, त्यामुळे खिशातली वाळू त्यालाही ओरखडते. पण आमच्या भाच्याला असं कव्हर मिळाल्यापासून तो फोन पलंगावर लांबून फेकतो. "मामा, कव्हर आहे ना!" दोरीवाला असा फेकाफेकी करत नाही, कारण फोन त्याच्या हातालाच बांधलेला असतो.

तक्रारी आहेतच. दोरी दाराच्या कडीत, कुकरच्या दांड्यात अडकते. घामाने वास मारू लागते, धुवावी लागते. स्कूटर चालवताना तर ती काढूनच ठेवा. सगळ्यात कच्ची जागा म्हणजे ती प्लास्टिकची पट्टी. हुक जिथे अडकतो ते भोक हळूहळू ताणून चिरत जातं. माझी दिवाळीच्या सुमारास चिरलेली दिसली, बदलली. कापडी पट्टीवाली थोडी महाग मिळते, तीच घ्या. आणि कव्हर फार मऊ असेल तर झटक्याने पट्टीसकट फोनच कव्हरातून बाहेर येतो. तेव्हा दुकानातच कव्हर चढवून, खाली दुसरा हात धरून, दोन-चार हिसके देऊन बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.