लोंबत्या कानांचे ससे: सात महिन्यांच्या वापरानंतर

नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ या शैक्षणिक प्रकल्पातील नैसर्गिक निवडीचे सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) मी जूनपासून दहावीच्या आनुवंशिकतेच्या पाठासाठी वापरत आहे. ते ब्राउझरमध्येच चालते आणि फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही; याचे मोल शाळेच्या संगणक कक्षात तास घेणाऱ्यालाच कळते.

पडद्यावर सुरुवातीला एकच पांढरा ससा असतो. त्याला जोडीदार दिला की पिढ्या सुरू होतात. तपकिरी रंग, लोंबते कान आणि लांब दात ही तीन उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) प्रभावी ठेवायची, म्हणजे एका पालकाकडून आली तरी दिसणारी, की अप्रभावी, म्हणजे दोघांकडून आली तरच दिसणारी, हे आपण ठरवायचे, आणि मग लांडगे, चावायला कठीण अन्न किंवा अपुरे अन्न यांपैकी हवे ते संकट आणायचे. संकटच आणले नाही, तर ससे बघता बघता पृथ्वी व्यापतात. प्रत्येक तुकडीला हे एकदा तरी पाहायचेच असते.

बर्फाळ प्रदेशात तपकिरी रंग अप्रभावी ठेवून लांडगे सोडले, की तपकिरी पिल्ले अधिक टिपली जातात. तरीही काही पिढ्यांनी दोन पांढऱ्या सशांच्या पोटी पुन्हा तपकिरी पिल्लू येते. लांडग्याला रंग दिसतो, जनुक दिसत नाही, ही गोष्ट वंशावळीच्या चौकटीत त्या पिल्लाचे आजीआजोबा तपासताना मुलांच्या आपसूक लक्षात येते.

कानांनी मात्र मलाच चकवले. लोंबत्या कानांचा येथे फायदाही नाही आणि तोटाही नाही, तरी एकाच मांडणीत कधी ते कळपभर पसरतात, तर कधी नाहीसे होतात. मुले लगेच कारण शोधतात, ‘उन्हात सावली पडत असेल’. तोच प्रयोग चार वेळा चालवून दाखवल्यावरच निव्वळ योगायोगाचा वाटा त्यांना पटतो.

पहिल्या सत्रात मी एक चूक केली. आधी लांडगे सोडले आणि उत्परिवर्तनाचे बटण नंतर दाबू दिले, त्यामुळे निम्म्या उत्तरपत्रिकांत ‘लांडगे आले म्हणून सशांनी रंग बदलला’ असे आले. आता मी उत्परिवर्तन आधी करवून घेते, चार-पाच पिढ्या थांबते आणि मगच लांडगे सोडते. खऱ्या सशाचा रंग अनेक जनुकांवर अवलंबून असतो, हे मात्र तोंडीच सांगावे लागते. गेल्या चाचणीत ते वाक्य तीनच उत्तरपत्रिकांत आढळले. त्यांपैकी एकीत लांडग्यांच्या जागी कोल्हे होते.