एका पायासाठी चार बूट: पाखऱ्याचं कुरूप आणि आमचे आठ महिने

परवा सकाळी सोसायटीच्या गेटपाशी आमच्या कुत्र्याच्या, पाखऱ्याच्या, पायातला बूट पुन्हा गळून पडला. तळव्याच्या कुरुपासाठी घालतो तो. पट्ट्याचं व्हेलक्रो धरेचना. आठ महिन्यांतला हा चौथा बूट. घरी येऊन कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, हा सेट आहे. एक नग बदलून मिळत नाही. तुम्ही नवीन सेट ऑर्डर करा.’ म्हणजे पुन्हा 1,480 रुपये आणि पुन्हा चार बूट. अहो, दुखरा पाय एकच आहे माझ्या कुत्र्याचा!

पाखऱ्या कारवानी जातीचा, सात वर्षांचा, मंगळवेढ्याकडच्या मामांच्या रानातून आणलेला. गेल्या उन्हाळ्यात पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. मजा अशी की मैदानातल्या गवतावर गडी नीट पळायचा, आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आला की पाय उचलून उभा. आम्हाला वाटलं, ढोंग करतोय. मग वाटलं, काटा असेल. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वेदनाशामक गोळ्या दिल्या, 1,700 रुपये घेतले आणि ‘लिगामेंट असेल’ म्हणाले. तळवा पाहिलाच नाही. पाहिला तो आईने. चष्मा कपाळावर सरकवून तिने मधल्या बोटाची गादी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली, पाखऱ्याने पाय झटकन ओढून घेतला, आणि आई म्हणाली, ‘अरे, कुरूप आहे हे. तुझ्या आजोबांना होतं तसंच.’

होतंही तसंच. तुरीच्या डाळीएवढी गोल, पांढुरकी, कडक चकती, गादीत रुतून बसलेली. दुसऱ्या डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं. हा मुख्यतः ग्रेहाउंड कुत्र्यांचा आजार, म्हणाले, आणि कारवानीही त्याच सडपातळ कुळीतला. शरीराचा भार मधल्या दोन बोटांवर जास्त येतो, गादीखाली चरबीचा थर कमी, त्यामुळे हाडाखाली कातडीचा खिळा तयार होतो. वरून टिकली दिसते, पण खिळा आत निमुळता होत गेलेला असतो. चालताना तो आत टोचतो, म्हणून कठीण जमिनीवर लंगडणं.

त्यांनी तो खिळा ब्लेडने कडेकडेने मोकळा करून काढला. भूल नाही, रक्त नाही, 600 रुपये. संध्याकाळी पाखऱ्या पेव्हर ब्लॉकवरून असा धावला की मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पाच आठवड्यांनी खिळा परत हजर. पुन्हा काढला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं, दाब कमी झाल्याशिवाय हे चक्र थांबणार नाही, बूट घाला.

तर हे बूट. जाड रबरी तळ, वर जाळीचं कापड, घोट्याशी व्हेलक्रोचा पट्टा. काम करतात का? करतात. पहिल्या दिवशी तो घोड्यासारखा पाय उचलून चालला, तिसऱ्या दिवशी विसरला. बूट घातला की लंगडणं निम्म्याहून कमी. पण पुढचे पंजे मोठे, मागचे लहान, म्हणून सेटमध्ये दोन मोठे आणि दोन लहान. कुरूप पुढच्या पायाला, म्हणजे लहान दोन जन्मापासून बेकार. पहिल्या सेटच्या एका मोठ्या बुटाची शिवण अडीच महिन्यांत उसवली, दुसऱ्याचा तळ नखाजवळ घासून भोक पडलं. दुसऱ्या सेटच्या पहिल्या बुटाचीही तीच गत. 370 रुपयांचा बूट मला 740 ला पडला! हा हिशेब मी बायकोला इतक्यांदा सांगितलाय की आता मी ‘तीनशे’ म्हटलं की ती टीव्हीचा आवाज वाढवते.

पावसाळ्यात आणखी एक धडा. ओला बूट तासभर पायात राहिला की बोटांच्या बेचक्यात लाली येते. आमचे बारा दिवस बूट बंद होते. आता बाहेरून आल्याबरोबर काढायचा, पाय टॉवेलने कोरडा करायचा, घरात बूट नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये रविवार आला. चौथा बूट घेऊन कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पट्टा उन्हाला धरला आणि हसले. ‘साहेब, व्हेलक्रो कुठं गेलंय? कुत्र्याचे केस भरलेत.’ आरीच्या टोकाने व्हेलक्रोच्या बारीक हुकांमधले केस आणि धूळ खरवडून काढली, पट्टा चिकटवून ओढून दाखवला. नव्यासारखा. पैसे घेईनात. मग मीच फाटक्यांतले दोन बूट आणून दिले. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून तळ शिवले, दोघांचे मिळून साठ रुपये. तेव्हा व्हेलक्रोबद्दल वर जे बोललो ते मागे घेतो. शिवणीबद्दलचं नाही. आणि सेटबद्दलचं तर मुळीच नाही.

खरं सांगायचं तर फरक बुटापेक्षा पाय घासायच्या वज्रीने जास्त पडला, आणि ती घरातलीच. दर तीन दिवसांनी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग कुरुपाचा वरचा थर हलक्या हाताने घासायचा, मग व्हॅसलीन, वर जुना मोजा, चाटू नये म्हणून. खोल खरवडायचं नाही. तो खिळा डॉक्टरांनीच काढायचा. माणसांच्या कुरुपाच्या पट्ट्या लावायला त्यांनी सक्त मनाई केली, त्यातलं आम्ल चाटून पोटात जातं. हा नेम सुरू केल्यापासून खिळा काढायची वेळ पाच आठवड्यांऐवजी अकराव्या आठवड्यात आली.

सर्जनकडेही जाऊन आलो. गादी कापून कुरूप काढलं तरी पुष्कळदा परत येतं, बोटच काढलं तर भार शेजारच्या बोटावर जातो, आणि तिसरा मार्ग म्हणजे बोट वाकवणारी वरची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, कापणं; त्याने गादीवरचा दाब उतरतो. बोट थोडं सपाट दिसतं, एवढंच. हे पटलं, पण खर्चाचा आकडा ऐकून दिवाळीनंतर बघू म्हणालो. मामांचा फोनवर वेगळाच सल्ला: ‘काळ्या रानात आणून सोड, झालं काय त्याला!’ सुट्टीत आठ दिवस सोडलंही. एकदाही लंगडला नाही. पण माझी नोकरी काळ्या रानात नाही.

बुटांना पाचपैकी तीन तारे. जूनमध्ये एक दिला होता.

मागच्या पायाचे चार बूट, मधलं माप, कोरे करकरीत, पुण्यात कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. बाहेरगावी असाल तर टपालखर्च तुमचा. सुटा एक हवा असला तरी देईन.