टॅरोचा कॅट निवडताना: जीएसएम पाहावा की पृष्ठभाग?

टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट घेताना आपण आधी चित्रे पाहतो आणि मग फार तर जीएसएमचा आकडा वाचतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन एवढाच त्या आकड्याचा अर्थ असतो; पत्ता हाताला कसा लागेल, हे त्यावरून कळत नाही. ७० बाय १२० मिलिमीटरचे ७८ पत्ते धरले, तर ३०० जीएसएमच्या कॅटमध्ये सुमारे १९७ ग्रॅम आणि ४०० जीएसएमच्या कॅटमध्ये सुमारे २६२ ग्रॅम कागद भरतो. हा फरक वजनापेक्षा पकडीत अधिक जाणवतो, कारण टॅरोचे पत्ते मुळातच खेळण्याच्या पत्त्यांपेक्षा मोठे असतात आणि जाड गड्डी लहान हातात नीट मावत नाही. गड्डीचे दोन भाग करून कडा फर्रकन एकमेकींत सोडण्याची सवय असेल, तर ३०० जीएसएमचा पत्ता वाकून पुन्हा सरळ होतो, तर ४०० चा पत्ता हट्टी असतो आणि जबरदस्ती केल्यास त्याला कायमचा बाक येतो. पत्ते टेबलावर पसरून कालवणाऱ्यांना मात्र जाड पत्ताच सोयीचा वाटतो, कारण तो बोटाने सहज उचलता येतो.

तरीही माझ्या मते खरा निकाल पृष्ठभागावर लागतो. मॅट लॅमिनेशन, म्हणजे कागदावर चढवलेला बिनचमकीचा पातळ प्लॅस्टिकचा थर, मखमलीसारखे मऊ लागते आणि दिव्याखाली चमकत नाही, म्हणून पहिल्या स्पर्शातच मन जिंकते. परंतु हवा दमट झाली की हेच पत्ते एकमेकांना धरून बसतात, एक ओढावा तर तीन येतात, आणि वापर वाढला की कोपऱ्यांपाशी पातळ पापुद्रा सुटू लागतो. ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत लेपाचे पत्ते सरसर सरकतात, मात्र बोटांचे ठसे लपवत नाहीत. लिनन फिनिशमध्ये कापडाच्या विणीसारखी बारीक नक्षी दाबलेली असते. तिच्या खाचांत हवा राहत असल्याने पत्ते पंख्यासारखे एकसारखे उलगडतात. मोबदल्यात चित्रातल्या नाजूक रेषा किंचित तुटक दिसतात, आणि बारीक रेखाटनाच्या कॅटमध्ये ते खटकते. लेप नसलेला कागद हाताला सर्वांत आपला वाटतो, पण तेलकट बोटांनी त्याच्या कडा लवकर काळवंडतात.

काळ्या गाभ्याचा, म्हणजे दोन थरांमध्ये गडद गोंद असलेल्या कागदाचा फार गवगवा होतो. आरपार उजेड दिसू नये ही पत्त्यांच्या जुगारातली गरज. टॅरोत पत्ता लपवायचा कोणापासून? सोनेरी कडा देखण्या असतात, पण नव्या कॅटमध्ये त्या चिकटलेल्या असतात. माझ्या एका कॅटचे पत्ते एकेक करून सोडवताना सोनेरी कण बोटांवरच अधिक राहिले. बिनचौकटीच्या गडद चित्रांत झिजलेली पांढरी कड चटकन दिसते, तेवढ्यापुरती रंगवलेली कड उपयोगी पडते.

रोज पिसणाऱ्याने ३०० ते ३५० जीएसएमचा लिनन फिनिशचा कॅट घ्यावा. अधूनमधून, सावकाश, चित्रे न्याहाळत वाचन करणाऱ्याने जाड मॅट घ्यायला हरकत नाही.