जत्रेसाठी करून घेतलेले मनगटाचे पट्टे

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात शाळेच्या गणवेशावर बिल्ले आणि नावं भरून देणारं एक लहान दुकान आहे. एक मशीन, पुढं एक बाक, एवढंच. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेआधी मी तिथून मुलीला (वय ८) आणि मुलाला (वय ४) गर्दीत हरवली तर कामी यावेत म्हणून मनगटाचे कापडी पट्टे करून घेतले. प्रत्येकी १२० रुपये.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या बोमाँट भावंडांबद्दल वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीत. २६ जानेवारी १९६६ ला जेन (९), आर्ना (७) आणि ग्रँट (४) सकाळच्या बसनं ग्लेनेलगच्या समुद्रावर गेली. दुपारी घरी यायची होती, आलीच नाहीत. एका उंच माणसाबरोबर खेळताना लोकांनी त्यांना बघितलं होतं. बेकरीत त्यांनी एक पौंडाची नोट दिली. आईनं तर नुसती चिल्लर दिलेली. ती नोट त्यांच्या हातात कुणी ठेवली, ते अजून कळलेलं नाही. आई २०१९ ला गेली, वडील २०२३ ला. २०२५ मध्ये एका जुन्या कारखान्याच्या जागेवर परत खणून बघितलं, तिथंही काही मिळालं नाही. ‘थोरली आहे की बरोबर’ असं आपण किती सहज म्हणतो. जेन नऊ वर्षांची होती.

दुकानातल्या काकांना मी मुलांची नावं मोठ्या अक्षरात घाला म्हणाले. ते म्हणाले, “वहिनी, नाव बाहेर नको. वाचून कोण बी हाक मारील, आणि पोरगं ओळखीचा माणूस समजून जाईल.” मग नाव आतल्या बाजूला गेलं. बाहेर वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन फोन नंबर, मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांचे. माझ्या हट्टानं त्यांनी आणखी एक ओळ बसवली: ‘बरोबर बहीण आहे, वय ८’. मुलीच्या पट्ट्यावर तसंच भावाचं.

त्या ओळीचे पैसे चिंचलीत वसूल झाले. देवळाकडं जाताना भंडाऱ्याच्या उधळणीत डोळे चोळले तेवढ्यात दोघं हातातून सुटली. माझा फोन लागतच नव्हता. वीसेक मिनिटांनी पट्ट्यावरच्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे मामांच्या फोनवर, एका बांगडीवाल्या बाईचा फोन आला. बाळ तिच्या टोपलीपाशी उभा होता. तिनं कन्नड ओळ वाचून आधी त्यालाच विचारलं होतं, “अक्का एल्लि?” त्यानं बोट दाखवलं. थोरली चार दुकानं पलीकडं पिपाण्यांच्या गाड्यापाशी रडत उभी होती. ती ओळ नसती तर बाई एकट्या बाळाला घेऊन पोलिसांकडं गेली असती आणि मुलगी तिथंच राहिली असती. मी पोचले तेव्हा बाईनं दोघांच्या हातात एकेक पिवळी बांगडी घातलेली, पैसे काही घेतले नाहीत.

मुलाच्या हातात आम्ही ऑनलाइन मागवलेलं, जागा दाखवणारं घड्याळही होतं, २,४०० रुपयांचं. गर्दीत नेटवर्क गेलं आणि ते त्याला अजून चिंचली स्टेशनवरच दाखवत होतं. असल्या घड्याळावर जत्रेत विसंबू नका.

पट्ट्यातही दोष आहेत. लाल कापडावर पिवळा दोरा लांबून वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळाच सांगा. वेल्क्रो मुलानं दोनदा स्वतःच काढला. काकांनी नंतर टिचबटण लावून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. कन्नडमधलं एक अक्षर चुकलेलं, ते मात्र मला शेजारच्या अक्कांना दाखवल्यावर कळलं. भरायच्या आधी कागदावर लिहून कन्नड येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

आतल्या बाजूला नावाखाली मी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीच्या मदतीचा) हे नंबरही भरून घेतलेत. गावाकडं अजून लोक सांगतात की चोवीस तास थांबा, मग पोलिसांत जा. एक मिनिटसुद्धा थांबू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानं हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा असतो.

काकांना चार दिवस आधी सांगावं लागतं. यल्लम्माच्या डोंगरावर जायच्या आधी मी जावेच्या तिन्ही मुलांचे पट्टे टाकलेत. तिच्या प्रत्येक मुलाच्या पट्ट्यावर बाकीच्या दोघांचं वय येणार, म्हणून यावेळी पट्टा बोटभर जास्त रुंद सांगितलाय.