लिनक्सवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर: कित्येक महिने वापरल्यानंतर

ग्राफिक्स कार्डाच्या परीक्षणांत पहिल्या आठवड्यातले फ्रेम रेटचे आलेख असतात. लिनक्सवर रोज काम करणाऱ्याला त्यातून फार थोडं कळतं. गेले कित्येक महिने मी दोन यंत्रं आलटूनपालटून वापरतोय. एकातल्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (मुक्त ग्राफिक्स लायब्ररी) यांच्यातच आहे, दुसऱ्याचा बाहेरून बसवावा लागतो. काम दोन्हींवर तेच: ब्राउझर, कोड, थ्रीडी चित्रांसाठी ब्लेंडर आणि अधूनमधून प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) एखादा गेम. दोन्हींचा वेग मला पुरेसा आहे. फरक पडतो तो अपडेट आल्यावर, लॅपटॉपचं झाकण लावल्यावर आणि काहीतरी बिघडल्यावर.

आधी अपडेट. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि मधल्या दुरुस्त्या तर सतत चालू असतात. ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असेल तर दरवेळी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करतं, आणि बहुतेक वेळा नीट करतं. पण कर्नलच्या आतले इंटरफेस कायम तेच राहतील अशी हमी कर्नलवाले देत नाहीत, आणि हे त्यांनी मुद्दाम ठरवलेलं आहे. एखादं फंक्शन बदललं की बाहेरचं मॉड्यूल कंपाइल होत नाही, आणि रीबूटनंतर समोर काळा पडदा किंवा जुनाट रिझोल्यूशन. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करा, आपली की नोंदवा, हेही आलंच.

कर्नलमध्येच असलेल्या ड्रायव्हरला यातलं काहीच लागत नाही, कारण जो इंटरफेस बदलतो त्यानेच कर्नलच्या कोडमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे असा तिथला रिवाज आहे. एएमडीचा एएमडीजीपीयू २०१५ मध्ये कर्नल ४.२ पासून आत आहे. इंटेलचा आय९१५ कधीपासूनच आहे, आणि नवा एक्सई २०२४ च्या ६.८ मध्ये आला. या यंत्रावर मी अपडेट मारतो आणि कामाला लागतो. ड्रायव्हरची आठवणही होत नाही. ड्रायव्हरकडून माझी पहिली अपेक्षा हीच होती, आणि ती पूर्ण झाली.

सस्पेंडबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण परीक्षणांत त्याचा उल्लेखही नसतो. यंत्र झोपतं तेव्हा कार्डाच्या व्हीरॅमची (कार्डावरच्या स्वतःच्या मेमरीची) वीज जाते. म्हणजे त्यातला सगळा मजकूर आधी मुख्य रॅममध्ये हलवावा लागतो. कार्डावर १६ जीबी, यंत्रात १६ जीबी, आणि ब्राउझर-ब्लेंडरने दोन्ही भरून टाकलेले असतील तर तो मजकूर ठेवायचा कुठे? अशा वेळी कधी झोप लागतच नाही, पंखे चालूच राहतात. कधी यंत्र जागं होतं, पण खिडक्यांमधले फाँट आणि चित्रं विस्कटलेली दिसतात. माझ्याकडे दोन्ही यंत्रांवर हे घडलंय, बाहेरच्या ड्रायव्हरवर जास्त वेळा. तिथे व्हीरॅम जपण्यासाठी मॉड्यूलला वेगळा पर्याय द्यावा लागला आणि सस्पेंडच्या सेवा चालू आहेत ना ते तपासावं लागलं. मोठी स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवल्यावर दोन्हीकडे पुष्कळ सुधारणा झाली. पण हे मी का करावं? ड्रायव्हर बसवताना जे आपोआप ठरू शकतं ते वापरकर्त्याने शोधून काढायचं, हे मला पटत नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी झाकण लावून निर्धास्त होता येणं ही साधी गरज आहे.

वेलँडवरची (पडद्यावर खिडक्या दाखवण्याची लिनक्सची नवी पद्धत) परिस्थिती या काळात खरोखर सुधारली. एक्सप्लिसिट सिंक, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावरच ते दाखवायचं हे स्पष्ट कळवण्याची सोय, २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या बाहेरून बसवायच्या ड्रायव्हरच्या ५५५ मालिकेत आलं आणि जुन्या लुकलुकण्याच्या तक्रारींचं एक मोठं कारण मिटलं. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर आता शेजारी शेजारी नीट चालतात.

व्हिडिओ डिकोडिंगचा घोळ अजून आहे. कार्ड सक्षम, ड्रायव्हर सक्षम, तरी व्हिडिओ सीपीयूवर चालतोय आणि पंखे घोंघावतायत. यामागे अनेकदा कोडेकची (व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतींची) पेटंट असतात. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने २०२२ मध्ये याच कारणासाठी मेसाच्या पॅकेजमधून एच.२६४ आणि एच.२६५ चं हार्डवेअर डिकोडिंग वगळलं. ते हवं असेल तर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. कायद्याची अडचण मी समजू शकतो. पण डिकोडिंग कार्डावर होतंय की सीपीयूवर, हे सेटिंग्जमध्ये सरळ दिसावं. त्यासाठी व्हीएइन्फो ही कमांड चालवून त्याचं आउटपुट वाचावं लागू नये.

सेटिंग्जचं पॅनेल ही तशीच जुनी मागणी. पंख्याचा वेग, विजेची मर्यादा, व्होल्टेज हे सगळं एएमडीजीपीयू सिसएफएसमधून (कर्नलची सेटिंग्ज फाइलींसारखी दाखवणारी जागा) बदलू देतो. दार उघडं आहे, फक्त त्यावर पाटी नाही. लॅक्ट आणि कोअरसीटीआरएल ही समाजातून उभी राहिलेली साधनं ती कसर भरून काढतात. मी लॅक्ट वापरतो आणि त्यावर खूश आहे. विजेची मर्यादा थोडी खाली आणली तर आवाज कितीतरी कमी होतो, आणि गेममध्ये फरक जाणवतही नाही.

कार्ड हँग झालं तर काय? ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो, पण डेस्कटॉपला त्यातून सावरता आलं पाहिजे, आणि ते प्रत्येक कंपोझिटरला (खिडक्या एकत्र करून पडदा रंगवणारा प्रोग्रॅम) जमतंच असं नाही. जमलं नाही तर सगळं सेशन जातं, न साठवलेल्या कामासकट. लॉगमध्ये रिंग टाइमआउटची एक ओळ उरते, तिच्यावरून सामान्य माणसाला काहीही उमगत नाही. कर्नल ६.१० मध्ये आलेलं डीआरएम पॅनिक मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं: कर्नल कोसळला तर पडद्यावर निदान संदेश दिसतो, आणि ६.१२ पासून क्यूआर कोडही दाखवता येतो. हाच विचार कार्डाच्या हँगपर्यंत पोचावा. कोणत्या प्रोग्रॅममुळे झालं आणि अहवाल कुठे पाठवायचा, इतकं डेस्कटॉपवर लिहून आलं तरी पुरे.

घ्यायच्या बेतात असणाऱ्यांसाठी एक सूचना. एएमडीच्या कार्डावर ४के आणि १२० हर्ट्झ हवं असेल तर मॉनिटर डिस्प्लेपोर्टचाच घ्या. एएमडीने एचडीएमआय २.१ साठी मांडलेला मुक्त स्रोत ड्रायव्हरचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलं.

जुन्या कार्डांच्या बाबतीत मुक्त ड्रायव्हरचं पारडं स्पष्टपणे जड आहे. २००२ च्या रेडिऑन ९७०० पिढीचा आर३०० ड्रायव्हर अजून मेसात आहे. बंद ड्रायव्हरमध्ये कंपनीने पाठिंबा थांबवला की ते कार्ड जुन्या मालिकेत अडकतं, आणि पुढचे कर्नल त्याला झेपेनासे होतात.

राहिलं कम्प्युट, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून आकडेमोड करून घेणं. इथे मुक्त बाजू अजून कमी पडते. ब्लेंडरमध्ये एएमडीच्या कार्डावर रेंडर करायला हिप (एएमडीचा कम्प्युट इंटरफेस) लागतं, हिपसाठी रॉकएम (एएमडीचा कम्प्युट सॉफ्टवेअर संच), आणि रॉकएमच्या अधिकृत यादीत सामान्य ग्राहकांची कार्डं थोडीच. ओपनसीएल या सगळ्या कंपन्यांसाठीच्या कम्प्युट मानकासाठी मेसात २०२२ पासून रस्टिकल आहे, म्हणजे कम्प्युटही मेसाबरोबर येऊ शकतं हे दिसलंय. हिपचंही तसंच व्हावं, डिस्ट्रो बसवली की पहिल्या दिवसापासून ते चालावं. सध्या माझ्या यादीत ही मागणी सगळ्यात वर आहे.