डीसी सर्किट शिकताना: सिम्युलेटर की हातात मल्टिमीटर?

डीसी सर्किट, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने करंट देणाऱ्या पुरवठ्यावरची सर्किट, शिकायची तर सुरुवात कशाने करावी? संगणकावरच्या सिम्युलेटरने, की ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडायची छिद्रांची पाटी), चार रेझिस्टर (करंटला रोध करणारे भाग) आणि मल्टिमीटर (व्होल्ट, करंट, रोध मोजणारं उपकरण) घेऊन? मी दोन्ही वापरतो. पण एकच निवडायचं असेल, तर मल्टिमीटर घ्या असंच सांगेन.

एक प्रयोग करून पाहा. ९ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडणीत लावा. सिम्युलेटरवर प्रत्येकावर ४.५ व्होल्ट दिसतात. बेरीज ९, म्हणजे भागांवरच्या व्होल्टेजची बेरीज बॅटरीएवढी हा किरचॉफचा नियम जुळला, धडा संपला. आता हेच ब्रेडबोर्डवर जोडा. डिजिटल मल्टिमीटर पहिल्या रेझिस्टरवर धरला की साधारण ४.२९ येतात, दुसऱ्यावरही जवळपास तेवढेच. बॅटरीवर थेट धरला, तर ९! मग मधले चारेक दशांश व्होल्ट गेले कुठे? शिकणारा आधी वायरी दाबून पाहतो, मग रेझिस्टर बदलतो, आणि शेवटी नियमावरच संशय घेतो.

उत्तर मीटरमध्येच असतं. बऱ्याचशा डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध व्होल्टच्या रेंजवर १० मेगाओहम असतो. तो १ मेगाओहमला समांतर लागला की दोघांचा मिळून रोध ०.९१ मेगाओहमच उरतो आणि व्होल्टेजची वाटणी बदलते. रेंजच्या दर व्होल्टमागे २० किलोओहम रोध असलेला काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावलात, तर तो स्वतः २०० किलोओहमचा, काटा १.३ व्होल्टच्या आसपासच थांबतो. रेझिस्टर १ किलोओहमचे घेतले की दोन्ही मीटर पुन्हा ४.५ च्या जवळ येतात. मोजणारं उपकरण हाही सर्किटचाच भाग असतो, हे यातून जसं मनात बसतं तसं वाचून बसत नाही. सिम्युलेटरमध्येही मीटरला समांतर १० मेगाओहम जोडता येतात, पण ते जोडायला हवेत हे आधी ठाऊक असावं लागतं.

खऱ्या जोडणीत बाकीचंही बरंच भेटतं. सोनेरी पट्ट्याचा (म्हणजे पाच टक्के फरक चालणारा) १ किलोओहमचा रेझिस्टर ९५० ते १०५० ओहममध्ये कुठेही असू शकतो. जास्त करंट ओढला की बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं. ज्याच्या नावाने रोध मोजतो त्या खुद्द शास्त्रज्ञ ओहमलाही याच अडचणीने छळलं होतं: त्याच्या घटांचं (बॅटऱ्यांचं) व्होल्टेज स्थिर राहीना, म्हणून तो थर्मोकपलकडे, म्हणजे तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणाऱ्या जोडणीकडे वळला. व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं नातं सांगणाऱ्या, १८२७ साली छापलेल्या त्याच्या नियमामागे असं चिकाटीचं मोजमाप होतं.

सिम्युलेटरला मात्र मी कमी लेखत नाही. वायरीतून करंट 'वाहताना' दिसणं ही त्याची मोठी देणगी आहे. 'बल्बमधून जाताना करंट खर्च होतो' हा हट्टी गैरसमज तिथे पटकन सुटतो. कोलोरॅडो विद्यापीठात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत खऱ्या साहित्याऐवजी 'फेट' (PhET) या त्याच विद्यापीठाच्या प्रकल्पाचं सिम्युलेशन दिलं होतं. संकल्पनांच्या प्रश्नांत ते सरस ठरलेच, पण नंतर खरं सर्किट जोडून समजावण्यातही पुढे राहिले. माझ्या मताविरुद्ध जाणारा हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून करंट आणि व्होल्टेज यांतच गोंधळ होत असेल, तर पहिले काही दिवस सिम्युलेटरवर खुशाल घालवा.

चुकांची किंमत दोन्हीकडे वेगळी. पडद्यावर शॉर्ट सर्किट झालं तर एका क्लिकमध्ये पूर्ववत करता येतं. हातात मीटर असताना करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) 'A' म्हणजे करंटच्या सॉकेटमध्येच राहिला आणि तसाच बॅटरीवर टेकवला, तर फ्यूज उडू शकतो आणि वायर तापते. एवढ्यासाठीच सुरुवात ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर करावी. लिथियमच्या सेलवर नाही, आणि घरातल्या वीजपुरवठ्यावर तर मुळीच नाही. पुरवठा चालू असताना ओहमच्या रेंजवर रोध मोजू नका, आकडा खोटा येतो.

प्रात्यक्षिक परीक्षा असेल, पुढे दुरुस्तीचं काम करायचं असेल किंवा स्वतः काही बनवायचं असेल, तर लगेच मीटर घ्या. साहित्यच हाताशी नसेल तर सिम्युलेटरवर सुरू करा, थांबून राहू नका. दोन्ही जमत असेल, तर वहीत तीन रकाने आखा: हिशेबाने आलेलं, सिम्युलेटरने सांगितलेलं, मीटरने दाखवलेलं. पहिला रकाना प्रोब टेकवण्याआधी भरा. तिसरा आकडा पाच टक्क्यांहून जास्त वेगळा आला, की त्या दिवशी पुढची जोडणी नको. त्याच फरकाचं कारण शोधत बसा.