वकील ताईंकडून फ्रीलान्स कामाचा करार बनवून घेतला, माझा अनुभव

मी पुण्यात पॅकेजिंगची डिझाइनं करते, आठ वर्षं झाली. गेल्या दिवाळीआधी एका मसालेवाल्यांचं काम घेतलं, सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर, रेटसुद्धा तिथेच ठरला, आणि "ताई अजून एक छोटासा चेंज" करत करत नऊ वेळा लेबल बदलून दिलं, शेवटी ३८ हजार अडकले ते अडकलेच आणि वर माझंच डिझाइन छापून दुकानात आलं. ते पाकीट किराणावाल्याकडे हातात घेतलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरंच.

मैत्रिणीने कोथरूडच्या एका वकील ताई सुचवल्या. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव इथे टाकत नाही. फी ७ हजार घेतली, दोन मीटिंग आणि ड्राफ्ट धरून.

मी नेटवरून उतरवलेला एक करार घेऊन गेले होते, तो त्यांनी दहा मिनिटं नीट वाचला आणि म्हणाल्या हा अमेरिकेतला आहे, यातलं 'वर्क मेड फॉर हायर', म्हणजे काम करून घेणाराच पहिला मालक, हे तिकडच्या कायद्यातलं, आणि भांडण झालं तर कॅलिफोर्नियात जायचं असं लिहिलंय, तू जाणारेस का? मग त्यांनी आधी विचारलं, तुझे पैसे नेमके कुठे अडकतात ते सांग. मला हे सगळ्यात आवडलं, कारण अख्खा करार त्या उत्तरावर बांधला. ४० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय स्केच नाही, करेक्शनच्या दोन फेऱ्या, तिसरीचे पैसे वेगळे, काम मध्येच थांबवलं तर तोवरचं बिल द्यायचं, वाद झाला तर पुणे कोर्ट.

हक्कांचा मुद्दा मला आयुष्यात पहिल्यांदा कळला. नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं पण फ्रीलान्सरने केलेलं लेबलचं डिझाइन आधी तिचं स्वतःचं, ते दुसऱ्याला द्यायचं तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशीच द्यावं लागतं, त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि कुठे वापरायचं ते लिहिलं नसेल तर फक्त भारत असं धरतात. म्हणून माझ्या करारात आता स्पष्ट आहे की पूर्ण पैसे जमा झाल्यावरच हक्क जातील. फोटोग्राफर मंडळींनी मात्र नीट बघा, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचं उलटं आहे, वेगळं ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ताईंनी तिथेच बसून माझ्याच मोबाईलवर करायला लावली, आधार लागतं, सरकारी फी शून्य, आणि एजंट यासाठी पैसे मागतात तर देऊ नका. नोंदणी असेल तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने समोरच्याने लेखी ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी काही नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. पण काम आधी देऊन नोंदणी नंतर केली तर जुन्या बिलाला त्याचा आधार मिळेलच असं नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, उगाच आशा लावली नाही. त्या ३८ हजारांसाठी नोटीस पाठवलीये, अजून आलेले नाहीत.

आता तक्रार. ड्राफ्ट नऊ दिवस उशिरा आला, आणि पहिला ड्राफ्ट एवढ्या जड इंग्रजीत होता की मलाच कळेना, माझे क्लायंट तर पापडवाले, तूपवाले, त्यांना काय कळणार. मी सांगितल्यावर दोन पानी मराठी करून दिला, वेगळे पैसे घेतले नाहीत. पण हे त्यांनी आधीच विचारायला हवं होतं.

साताऱ्याच्या एका तूपवाल्या काकांनी तो पूर्ण वाचला, फक्त करेक्शनबद्दल विचारलं आणि सही केली, पुढे तिसरी फेरी झाली तेव्हा जादाचे पैसे न मागता पाठवले. दुसरे एक जण ॲडव्हान्स वाचून गप्पच झाले, गेले तर गेले.

अशा कामासाठी कुठल्याही वकिलाकडे जाणार असाल तर जुनी बिलं आणि चॅटच्या प्रिंट सोबत न्या, ताई पहिल्या मीटिंगला तेच मागतात.